मुख्य झडपेवरचे निळे कुलूप

मित्रांनो, आजवर माझ्याशी जे कोणी बोलले ते हातांनी बोलले. कोणी चाक फिरवले, कोणी वंगण घातले, कोणी वैतागून पाना आपटला. तोंडाने बोलण्याची माझी ही पहिलीच वेळ आहे, तेव्हा कुठे अडखळले तर सांभाळून घ्या. मी ओतीव पोलादाची एक जुनी झडप आहे. तुमच्या घरातल्या नळाला जी छोटी तोटी असते, तिची मी थोरली बहीण, असे समजा. तोटी फिरवली की पाणी येते. माझे चाक फिरवले की तेल वाहू लागे. फरक एवढाच की तोटीवरून फार तर घरात भांडण होते. माझ्यापायी बंदुका निघाल्या.

माझा जन्म एका ओतशाळेत झाला. वाळूचा साचा, पोकळीसाठी मधोमध बसवलेला गाभा आणि वरून ओतलेला पांढराशुभ्र तप्त रस. साचा फोडून ज्याने मला बाहेर काढले तो ओतारी माझ्या अंगावर हातोडीने हलकेच ठोके देत कान लावून ऐकत होता. आवाज खणखणीत आला तेव्हा तो शेजाऱ्याला म्हणाला, "पोरगी ठणठणीत आहे रे!" नंतर माझ्या पोटात पाणी भरून दाब देण्यात आला. एक थेंबही बाहेर आला नाही. त्या ओताऱ्याला मी कुठे जाणार हे कोणी सांगितले नाही. त्याचे कसब माझ्या अंगात मुरले होते, पण कारखान्यातून मी निघाले तेव्हा माझ्या छातीवर ठळक अक्षरांत नाव होते ते मालकाचे. त्या वेळी मला त्यात काही वावगे वाटले नाही.

मला जिथे बसवले ते तेलक्षेत्र एका उतारावर होते. वर विहिरी आणि मोठमोठ्या टाक्या. टाक्यांतले तेल माझ्यातून तेलवाहिनीत शिरे, उतारावरून नदीपर्यंत जाई आणि पुढे बंदरावर उभ्या असलेल्या जहाजांत पडे. विहिरी पुष्कळ होत्या, टाक्याही पुष्कळ होत्या, पण बाहेर जाण्याची वाट एकच आणि तिच्या तोंडाशी मी. म्हणून मला मुख्य झडप म्हणत.

त्या उताराला दोन वस्त्या होत्या. टेकडीवरची माणसे मेंढरे पाळत. काठावरची माणसे होड्या चालवत, मासे धरत आणि आपल्या होड्या निळ्या रंगवत; म्हणून टेकडीवाले त्यांना 'निळे' म्हणत. दोन्ही वस्त्या भांडत नसत असे मी म्हणणार नाही. मेंढरू कोणाच्या भाजीत शिरले यावरून भांडत, वाट कोणी अडवली यावरून भांडत आणि मग एकाच टपरीवर चहा पीत. लोकर खाली जाई, मासळी वर येई. सोयरिकीही होत. हे सगळे मी जुन्या कामगारांच्या तोंडून ऐकले आहे, कारण मी आले तेव्हा ते संपत आले होते. कुरणांत विहिरी खोदल्या गेल्या आणि नदीवर तेलाचा तवंग चढला. मेंढरे विकली गेली, होड्या उलट्या करून ठेवल्या गेल्या. ज्यांच्याजवळ स्वतःचे पोट भरण्याचे साधन होते, त्यांच्याजवळ आता फक्त दोन हात उरले. आणि हे हात घेऊन ते कंपनीच्या फाटकाशी येऊन उभे राहिले.

कंपनीने त्यांना काम दिले, पण फार विचारपूर्वक दिले. टेकडीवाल्यांना पहारा आणि झडपा. काठावरच्यांना वेल्डिंग आणि वाहिनीची दुरुस्ती. पगार वेगळा, बस वेगळी, जेवणघराचे दारही वेगळे. काठावरचा कामगार पगाराबद्दल बोलला की त्याला सांगत, "तुमच्या वाटचं टेकडीवाले खातात." टेकडीवाला बोलला की त्याला सांगत, "निळे तुमच्या नोकऱ्यांवर टपलेत." दोघांच्याही वाटचे ज्यांच्याकडे जात होते, ते पुष्कळ लांब राहत. त्यांना मी कधीच पाहिले नाही.

मधल्या काळात मालक बदलले. आधी परदेशी कंपनी होती. तेव्हा माझा रंग हिरवा होता. मग तेल देशाचे झाले म्हणून मोठा समारंभ झाला, भाषणे झाली आणि मला पिवळा रंग दिला. काही वर्षांनी सरकारने तेलक्षेत्र पुन्हा दुसऱ्या कंपनीला चालवायला दिले. मग मी लाल झाले. रंगाचे थर चढत गेले. चाक फिरवणारे हात तेच राहिले, त्यांचा पगारही जवळजवळ तोच राहिला. देशाचे तेल देशातल्या कोणाचे, हे मात्र एकाही भाषणात सांगितले गेले नाही.

माझे चाक ज्यांच्या हाती सर्वांत जास्त काळ होते त्या बाईंना सारे आवार 'आत्या' म्हणत असे. त्या टेकडीवरच्या. आधी त्यांचे यजमान मला सांभाळत. ते गेल्यावर आत्या त्यांच्या जागी आल्या. पहिल्या दिवशी पहारेकरी हसले होते. "आत्या, हे लाटणं नाही, चाक आहे," असे एकजण म्हणाला. आत्यांनी पदर खोचला, चाकाला खांदा लावला आणि म्हणाल्या, "लाटण्याला तरी कुठे तू कधी हात लावलायस!" त्या दिवसानंतर कोणी हसले नाही. गळती रोखायला माझ्या दांड्याभोवती गुंडाळलेल्या दोरीतून तेल पाझरते का, ते त्या बोटांच्या मागच्या बाजूने चाचपून पाहत, तापलेल्या मुलाचे कपाळ पाहावे तसे. त्यांच्या हाती मी कधी कुरकुरले नाही.

आता त्या आवारातली एक रीत सांगते, कारण पुढचे सगळे तिच्यावरच घडले. वाहिनीवर कुठे दुरुस्ती निघाली की आधी मला बंद करत. मग जो माणूस खाली कामाला जाणार, तो माझ्या चाकाला साखळी गुंडाळून स्वतःचे कुलूप घाली आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवी. काम संपले की तोच परत येऊन कुलूप काढी. दुसरा कोणीही नाही, साहेबसुद्धा नाहीत. प्रत्येकाने आपले कुलूप ओळखू यावे म्हणून आपल्याला आवडेल त्या रंगाने रंगवलेले असे. चाकावर कुलूप दिसले की समजायचे, खाली माणूस आहे. त्या कुलपावर त्याचा जीव टांगलेला असे.

सर्वांत चकचकीत निळे कुलूप 'ठिणगी'चे होते. हा काठावरचा वेल्डर. नाव दुसरेच होते, पण काम आणि जीभ दोन्हींतून ठिणग्या उडत, म्हणून हे नाव पडले. तो आत्यांचा जावई. त्यांच्या एकुलत्या एका लेकीने काठावरचा मुलगा पसंत केला तेव्हा टेकडीवर थोडी कुजबुज झाली, पण आत्यांनी ती कानाआड केली. दुपारी सासू-जावई माझ्या सावलीत डबे उघडत.

"सासूबाई, आज तुमच्या डब्यात काय?"

"तुझ्या बायकोनं तुला दिलंय ना? माझ्या डब्यावर डोळा ठेवू नकोस, जावईबापू."

"तिचा डबा उघडायला वेल्डिंगचा चष्मा लागतो. इतकं तिखट! तुम्हीच शिकवलंय ना तिला?"

"मी शिकवलं ते सगळं ती विसरली. नाहीतर तुला पसंत केला असता का तिनं?"

असे हसणे झाले की ठिणगी हळूच मूळ विषयावर येई. तो कामगारांची सभा भरवत असे. "सासूबाई, हे चाक कुणाचं?"

"झालं याचं सुरू. कंपनीचं."

"फिरवतं कोण?"

"मी. आणि खांदे ठणकतात तेही माझेच."

"बघा म्हणजे. तुम्ही फिरवल्याशिवाय तेल हलत नाही. मी जोडल्याशिवाय पाइप जुळत नाही. आपण दोघं घरी बसलो तर ते तेल म्हणजे जमिनीखालचा काळा चिखल. त्याला किंमत येते ती आपल्या हातांनी. आणि ती किंमत ज्याच्या खिशात पडते त्यानं हे आवार एकदासुद्धा पाहिलेलं नाही. हा न्याय पटतो तुम्हाला?"

"पटत नाही रे. पण न पटून करू काय?"

"सभेला या. टेकडीवरचं कुणी येत नाही. तुम्ही आलात तर निम्मी टेकडी येईल."

"आणि माझा भाऊ मला घरात घेणार नाही."

"मग आमच्याकडे या राहायला."

"त्या तिखटावर? त्यापेक्षा भावाची काठी बरी!"

दोघेही मनापासून हसले. पण आत्या त्या सभेला गेल्या. आणि खरोखरच त्यांच्यामागून टेकडीवरची बरीच माणसे गेली. नदी स्वच्छ करा आणि दोन्ही वस्त्यांना सारखा पगार द्या, अशी मागणी पहिल्यांदाच दोन्ही वस्त्यांनी एका तोंडाने केली.

मित्रांनो, दोन वस्त्या भांडत होत्या तोवर कार्यालयात कोणाच्या कपाळाला आठी पडली नव्हती. त्या एकत्र बोलू लागल्या आणि धावपळ सुरू झाली. पहारेकऱ्यांना काठ्यांऐवजी बंदुका आल्या. आत्यांचा धाकटा भाऊ पहाऱ्यावर होता, त्याला जमादार केले. कधीकाळी मेंढरांमागे अनवाणी फिरणारा तो माणूस; कुरण गेल्यावर कित्येक दिवस घराच्या ओट्यावर रिकामा बसून असे. गणवेश मिळाला तेव्हा तो पुन्हा ताठ चालू लागला. त्याचा दोष मी काढत नाही. भुकेल्या माणसाला बंदूक दिली की तिच्याबरोबर शत्रूही द्यावा लागतो, आणि तोही त्याला देण्यात आला. निळे मुख्य झडप ताब्यात घेणार आहेत, अशी आवई रोज कोणीतरी त्याच्या कानावर घाली.

"ताई, जपून राहा," तो आत्यांना म्हणाला. "निळे आपल्यावर उलटणार आहेत."

"आपल्यावर म्हणजे कुणावर? तुझी भाची त्यांच्याच घरात नांदतेय."

"म्हणून तर सांगतोय! उद्या तिला ओलीस धरतील."

"तिला? अरे, तिला धरलं तर दोन दिवसांत तेच परत आणून सोडतील. तुला भाची माहीत नाही का?"

जमादार हसला नाही. थोड्याच दिवसांत आत्यांना माझ्यापासून हलवून भांडारात बसवले. सुरक्षेसाठी, असे कारण दिले. चाक फिरवायला पहारेकरी ठेवले. त्यांना उघडणे-बंद करणे शिकवले गेले. कुलपाची रीत शिकवायचे राहून गेले. पहारेकऱ्यांचे खाते वेगळे आणि दुरुस्तीचे खाते वेगळे, तेव्हा ते कोणी शिकवायचे हा प्रश्न कोणालाच पडला नाही.

त्याच सुमारास दूरच्या एका तेलाच्या देशात युद्ध पेटले. तिथे कोणत्या दोन पंथांचे वैर आहे, हे रेडिओ रोज सांगे. तिथल्या तेलक्षेत्रांवर कोणाची मालकी आहे, हे सांगत नसे. मला एवढेच कळे की तिकडे बाँब पडले की इकडे तेलाचा भाव चढतो, आणि भाव चढला की माझ्या चाकाची घाई वाढते. तिथे कोणाचे घर पडत असेल तेव्हा इथे कार्यालयातल्या फोनवर कोणीतरी उत्साहाने बोलत असे. लोखंड असूनही मला ते ऐकवत नसे.

एके दिवशी सकाळी नदीजवळ वाहिनी गळू लागली; तिथे खड्डा खणून ती उघडी केली. मला बंद केले, खालचा पाइप रिकामा केला आणि ठिणगी कामाला निघाला. नेहमीप्रमाणे त्याने साखळी गुंडाळली, निळे कुलूप घातले, ओढून पाहिले आणि माझ्या चाकावर थाप मारून म्हणाला, "म्हातारे, जरा वेळ गप्प बस हं." भांडाराच्या दारातून आत्या ओरडल्या, "जेवायला वेळेवर ये. काल तुझ्यापायी मला एकटीनं जेवावं लागलं."

"आलोच. तुमचा डबा उघडू नका माझ्याशिवाय!"

उन्हे माथ्यावर आली तेव्हा कार्यालयातला फोन वाजला. माझ्या समोरच कार्यालयाची खिडकी होती. साहेब बोलत होते, "हो सर, दुरुस्ती चालू आहे... संध्याकाळपर्यंत होईल... जहाज लागलंय, कल्पना आहे सर... हो, भाव... हो सर. समजलं." हे साहेब दुष्ट नव्हते. माझ्या दोरीची चौकशी करणारे ते पहिलेच साहेब. नव्या कामगारांना कुलपाची रीत ते स्वतः समजावून सांगत. फोन ठेवून ते बाहेर आले, चष्मा काढून पुसू लागले आणि नेमका तेव्हाच जमादार धावत आला.

"साहेब! निळ्यांनी चाकाला कुलूप ठोकलंय. निळंच कुलूप! मी म्हणत नव्हतो?"

साहेबांनी कुलूप पाहिले. ते कोणाचे, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी उताराकडे नजर टाकली. ठिणग्या दिसत नव्हत्या.

"काम झालं असेल त्याचं," ते स्वतःशीच बोलावे तसे बोलले. माणूस पाठवून खात्री करावी, तर उतार बराच लांब होता आणि फोन जवळ होता. "तोडा ते."

"म्हणजे हे घातपातासाठीच..."

"तोडा म्हणतो ना, जमादार!"

लांब दांड्याच्या कात्रीत निळे कुलूप तुटले. तो आवाज आत्यांनी ओळखला. त्या भांडारातून धावत सुटल्या. "अरे थांबा! कुलूप होतं त्यावर! खाली माणूस आहे!"

"ताई, बाजूला हो. हे सुरक्षेचं काम आहे."

आत्यांनी माझ्या चाकाच्या आऱ्यांमधून आपला हात कोपरापर्यंत घातला आणि चाकाला मिठी मारली. दोन पहारेकऱ्यांनी त्यांना ओढले. हाड मोडल्याचा आवाज मी माझ्या अंगावर ऐकला. चाक फिरू लागले. माझे पाते बैठकीवरून उचलले गेले आणि तेल पुढे झेपावले. मला नको म्हणता येत नाही, मित्रांनो. मला जसे फिरवतील तशी मी फिरते.

"तुझ्या भाचीचा नवरा आहे रे खाली!" आत्या जमिनीवरून ओरडल्या.

जमादाराचे हात थबकले. पहारेकऱ्यांना ढकलून तो एकटाच चाक उलटे फिरवू लागला, सारे अंग टाकून, दात खाऊन. पण माझ्यासारख्या झडपेला बंद व्हायला पुष्कळ फेरे लागतात. तेलाला उतार पुरतो. खालून एक जड, दबका आवाज आला आणि नदीच्या बाजूला काळा धूर उभा राहिला. ठिणगीचे मदतनीस खड्ड्याबाहेर होते, ते होरपळले पण वाचले. तो वाचला नाही.

त्याच संध्याकाळी रेडिओने बातमी दिली. काठावरच्या समाजकंटकांनी घातपात केला, दोन जमातींचे शतकानुशतकांचे वैर पुन्हा उफाळले. दुसऱ्या दिवशी उजाडताच सैन्याच्या गाड्या आल्या. टाक्यांभोवती सैनिक, वाहिनीच्या कडेने सैनिक. दोन वस्त्यांमधल्या ज्या वाटेवर माणसे एकमेकांच्या जिवावर उठणार होती, त्या वाटेवर मात्र एकही सैनिक नव्हता. कशाचे रक्षण चालले आहे, हे समजायला मला शिकलेले असण्याची गरज नव्हती.

सूर्य थोडा वर आला आणि काठावरची माणसे ठिणगीला होडीच्या फळीवर ठेवून फाटकाशी आली. टेकडीवरून दुसरा जमाव काठ्या-कोयते घेऊन उतरला. सैनिकांनी फाटक उघडेच ठेवले होते. दोन्ही जमाव आवारात शिरले आणि माझ्या दोन बाजूंना उभे ठाकले. एक दगड पडायचा अवकाश होता. काठावरच्यांच्या पुढे आत्यांची लेक होती. टेकडीवाल्यांच्या पुढे, हात गळ्यात बांधलेल्या आत्या.

कार्यालयाच्या पायरीवर साहेब जमादाराला हलक्या आवाजात सांगत होते, "तुम्ही काही बोलू नका. चौकशी होईल. कंपनी तुमच्या पाठीशी आहे."

जमादाराने मान डोलावली. मग त्याने खांद्यावरची बंदूक काढून पायरीवर ठेवली आणि चालत माझ्यापाशी आला. माझ्या पायाशी पडलेले तुटके कुलूप उचलून तो थेट भाचीसमोर जाऊन उभा राहिला.

"पोरी, हे त्याचं कुलूप. त्यानं रीतीप्रमाणे घातलं होतं. घातपात नव्हता. ते मी तोडलं."

काठावरचा जमाव उसळला. "ऐकलंत? कबूल करतोय! धरा त्याला!" टेकडीवाल्यांनी कोयते वर केले. "हात तर लावून बघा!"

"धरा," जमादार म्हणाला. "मी इथंच उभा आहे, कुठं पळत नाही. पण आधी पूर्ण ऐका. मला साहेबांनी सांगितलं."

सगळ्यांच्या माना पायरीकडे वळल्या. आत्यांनी विचारले, "खरं आहे का, साहेब?"

साहेब चष्मा काढून पुसू लागले. मग म्हणाले, "मला वरून फोन आला होता."

"वरून म्हणजे कुठून?" लेकीने विचारले.

"मुख्य कार्यालयातून."

"आणि त्यांना कुणी सांगितलं?"

"तसं कुणी... जहाज उभं होतं. भाव चढला होता. थांबलं की नुकसान..."

"म्हणजे माझा नवरा मारला कुणी, हे सांगायला एक नावसुद्धा नाही तुमच्याकडे?"

टेकडीवाल्यांनाही आता तेच हवे होते, एक नाव. ते कोणालाच ठाऊक नव्हते. ज्या दिशेने तेल जात असे त्या दिशेला कुठेतरी ते होते, आणि बहुधा ते एकाचे नव्हतेच.

लेक मामाकडे वळली. "मामा, तुझ्यावर मी जन्मभर रागावणार आहे. तुला माफ करेन असं समजू नकोस."

"नको करूस."

"पण तो राग माझा आहे. तो मी या लोकांना वापरू देणार नाही." तिने मागे वळून आपल्या माणसांना सांगितले, "कुणीही दगड उचलायचा नाही. ज्याला उचलायचा असेल त्यानं आधी माझ्या अंगावर टाकावा." मग आईला विचारले, "चाक बंद आहे ना?"

"बंद आहे."

"मग राहू दे बंद."

काठावरचा एक म्हातारा पाइपवाला पुढे आला आणि त्याने आपले कुलूप माझ्या साखळीत अडकवले. त्याच्यामागून टेकडीवरची एक झडपवाली आली. मग कोणी कोणाच्या मागून येत होते ते मला कळेना. पत्र्याच्या पेटीची, सायकलची, घराच्या दाराचीही कुलपे आली. मी बंद राहिले. जहाज रिकामे परतले. त्यानंतरचे दिवस कठीण होते. चुली विझत होत्या, पण टेकडीवरून घरोघरच्या एखाद्या शेळीचे दूध खाली जाई आणि काठावरून सरपण वर येई. माझ्याभोवती दोन्ही वस्त्यांची माणसे बसून असत. मोठ्याने कोणी बोलत नसे. लेक आणि तिचा मामा कधी शेजारी बसले नाहीत. पण दोघेही रोज येत.

शेवटी सैन्यानेच कुलपे तोडली. काठ्या चालल्या, माणसे तुरुंगात गेली. त्यांत आत्याही होत्या आणि जमादारही. मी पुन्हा फिरू लागले. नदी तशीच राहिली आणि पगाराचा प्रश्नही तसाच. माझ्याजवळ तुम्हाला सांगायला मोठा विजय नाही. एवढेच सांगते की त्या उतारावर नंतर कधी टेकडीवाल्याने निळ्यावर किंवा निळ्याने टेकडीवाल्यावर हात उचलला नाही. रेडिओ मात्र जुन्या वैराबद्दल सांगतच राहिला.

काही वर्षांनी मला काढून माझ्या जागी नवी झडप बसवली. तिला चाक नाही. दूरच्या खोलीतून बटण दाबले की ती उघडते. मी पडल्या पडल्या तिच्याकडे नीट निरखून पाहिले. तिला बाहेरून कुलूप अडकवायला जागाच ठेवलेली नाही. ज्यांनी ती आखली ते हुशार होते आणि ते काही विसरले नव्हते.

मी भंगारात गेले. तिथून एका तंत्रनिकेतनाने मला उचलले, करवतीने मधोमध उभे कापले आणि आतले भाग वेगवेगळ्या रंगांनी रंगवून कार्यशाळेतल्या टेबलावर मांडले. आता विद्यार्थी येतात, माझे पाते, दांडा, बैठक बोटाने दाखवतात, परीक्षेत आकृती काढतात. मास्तर चांगले शिकवतात. दाब किती, धातू कोणता, गळती कशी रोखावी, सारे सांगतात. माझ्यातून काय गेले ते सांगतात, कोणासाठी गेले ते अभ्यासक्रमात नाही.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी कारागीर होईल, कोणी साहेब होईल, कोणाला पोटासाठी पहाराही करावा लागेल. तेल असेल, तेल संपले तर दुसरे काही असेल. जमिनीतून काढण्याजोगे जिथे काही सापडते तिथे एक फाटक उभे राहते आणि फाटकाबाहेरच्या माणसांना सांगितले जाते की तुमचा शत्रू शेजारच्या वस्तीत राहतो. तुम्हालाही ते सांगतील. अगदी सभ्य भाषेत सांगतील, रेडिओवरून सांगतील. मग एखाद्या दुपारी फोन येईल आणि घाई आहे, असे कळेल.

मी निर्जीव आहे. मला ज्यांनी फिरवले त्यांचे मी ऐकले. तुमच्याकडे पाय आहेत आणि तोंड आहे. माझी विनवणी एवढीच की यंत्रांची निगा राखता तशी त्यांच्या टोकाशी असलेल्या माणसांचीही राखा. कोणी उघडा म्हणाले तर, घाई कितीही असो, आधी उतारावरून खाली चालत जा, खड्ड्यात वाकून पाहा आणि आत कोणी आहे का, असे मोठ्याने विचारा. उत्तर येईपर्यंत थांबा.